लिलाव झाला, खातं मात्र उघडंच

मराठी वर्तमानपत्राच्या मागच्या पानांवर बारीक टायपात 'ताबा सूचना' छापलेली असते. कर्जदार, सहकर्जदार, जामीनदार यांची नावं, थकलेली रक्कम, मग फ्लॅट क्रमांक, मजला, विंग, मौजे कुळगाव किंवा मौजे चिखलोली, तालुका अंबरनाथ, जिल्हा ठाणे. बँकेच्या वसुली विभागात होतो तेव्हा असे मजकूर तयार करणं हे माझं काम होतं. ही सूचना दोन वर्तमानपत्रांत द्यावी लागते आणि त्यांतलं एक तिथल्या भाषेतलं असावं लागतं, असा २००२च्या सरफेसी या कर्जवसुली कायद्याखालचा नियम आहे. ज्याचं घर आहे त्याला कळावं, हा त्यामागचा हेतू. प्रत्यक्षात कर्जदाराच्या आधी सोसायटीच्या सेक्रेटरीला कळतं, मग वाण्याला, मग शाळेच्या रिक्षावाल्याला.

बदलापूर पश्चिमेला मांजर्लीतल्या एका कुटुंबाने ती सूचना वाचली आणि दोन रात्रींत घर रिकामं केलं. किल्ली वॉचमनकडे ठेवली, सामान टेम्पोत घातलं आणि सगळे खेडला गावी निघून गेले. आम्हाला हे कळलं ते पुढची नोटीस चिकटवायला माणूस गेला तेव्हा. त्यांची समजूत अशी झाली होती की पेपरात आलं म्हणजे घर गेलं. ती सूचना फक्त प्रतीकात्मक ताब्याची होती. दारावर कागद लागला होता, एवढंच. त्या घरात राहायला आणि थकबाकी भरून ते सोडवून घ्यायला त्यांना अजून कित्येक महिने होते.

हा क्रम कर्जदाराला कोणी नीट समजावून सांगत नाही, म्हणून इथे सांगतो. हप्ता थकून ९० दिवस उलटले की खातं एनपीए, म्हणजे अनुत्पादक ठरतं. मग कलम १३(२)ची नोटीस येते, तिची मुदत ६० दिवसांची. त्या काळात कर्जदाराने लेखी हरकत घेतली तर बँकेला १५ दिवसांत लेखी उत्तर द्यावंच लागतं. त्यानंतर प्रतीकात्मक ताबा. प्रत्यक्ष ताब्यासाठी आमच्याकडे बँक बहुतेक वेळा ठाण्याच्या जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करते, तिथून आदेश तहसीलदारांकडे येतो आणि मग पोलीस बंदोबस्ताची तारीख मिळते. ताब्याच्या कारवाईविरुद्ध ४५ दिवसांत वाशीच्या कर्जवसुली न्यायाधिकरणात जाता येतं. सगळी थकबाकी आणि खर्च भरून घर सोडवण्याचा हक्क लिलावाची जाहीर सूचना प्रसिद्ध होईपर्यंत टिकतो, त्यानंतर नाही. बाफना मोटर्सच्या खटल्यात २१ सप्टेंबर २०२३ला सर्वोच्च न्यायालयाने ही रेघ ठळक केली. त्याआधी लिलाव झाल्यावरही पैसे घेऊन धावत येणारे लोक असत आणि कधी कधी त्यांचं जमूनही जाई. आता तो रस्ता बंद आहे.

मांजर्लीचं ते कुटुंब गेलं. त्यानंतरचे कागद रिकाम्या घराच्या पत्त्यावर येत राहिले. लिलाव कधी झाला, घर किती रुपयांना गेलं, त्यानंतर त्यांच्याकडून बँकेचं येणं उरलं की बँकेकडून त्यांचंच काही येणं निघालं, यातलं काहीही त्यांच्यापर्यंत पोचलं नाही. घर जाण्याचं दुःख मी फार जवळून पाहिलं आहे आणि त्याला कमी लेखणार नाही. पण पुढची वर्षं खराब होतात ती या न पोचलेल्या कागदांमुळे, असं मी नोकरीच्या शेवटी शेवटी ठामपणे म्हणू लागलो होतो. निवृत्तीनंतर लोक घरी येऊ लागले, "काका, सिबिल बघून द्या ना" म्हणू लागले, तेव्हा ते मत पक्कं झालं.

अंबरनाथ-बदलापूरच्या या पट्ट्यात घरं का गेली, त्याचं एक कारण आमच्या लोकलइतकंच उघड आहे. लालबाग-परळची दहा बाय बाराची खोली विकून किंवा भावाला सोडून बदलापुरात वन बीएचके घेतलेली हजारो माणसं सकाळच्या गाडीने मशीद बंदर, दादर, अंधेरी गाठतात. २२ मार्च २०२०च्या मध्यरात्रीपासून लोकल थांबली. १५ जूनला ती फक्त अत्यावश्यक सेवेतल्या लोकांसाठी सुरू झाली, ऑक्टोबरात बायकांसाठी, आणि बाकी सगळ्यांसाठी १ फेब्रुवारी २०२१ला, तीही ठरावीक वेळांत. एप्रिलमध्ये पुन्हा बंद. दोन डोस घेतलेल्यांना १५ ऑगस्ट २०२१पासून परवानगी मिळाली. रिझर्व्ह बँकेने दिलेली हप्त्यांची सवलत मात्र ३१ ऑगस्ट २०२०लाच संपली होती. म्हणजे हप्ता सुरू झाला तेव्हा कामावर जायला गाडीच नव्हती. ज्यांचे मालक पगार देत राहिले ते तरले. कपड्याच्या दुकानात, छापखान्यात, हॉटेलात, कुरियरमध्ये असलेल्यांचं खातं २०२१ उजाडता उजाडता लाल झालं. हे लोक पैसे बुडवणारे नव्हते. त्यांच्या फायलीत मात्र तसा रकाना नसतो.

उल्हासनगरची गोष्ट वेगळी. तिथे पगारदार कमी, धंदेवाले जास्त. वालधुनी नदीच्या प्रदूषणावरून न्यायालयाचे आदेश आल्यावर जीन्स धुलाईचे कारखाने बंद पडले आणि त्यांच्यावर पोट असलेल्या शिलाईवाल्यांची, बटणवाल्यांची, टेम्पोवाल्यांची घडी विस्कटली. त्यात जमिनीची सनद आणि बांधकामाची परवानगी यांचा गुंता असल्याने मोठ्या बँका तिथल्या बऱ्याच इमारतींना कर्ज देत नाहीत. मग सहकारी बँक, नाहीतर चढ्या व्याजाची फायनान्स कंपनी. सहकारी बँकेला सरफेसी लागू होतो की नाही यावर बरीच वर्षं वाद चालला होता. तो मिटवणारा घटनापीठाचा निकाल ५ मे २०२०ला आला आणि ते प्रकरण आपल्याच मुरगूडच्या विश्वासराव पाटील सहकारी बँकेचं होतं. टाळेबंदीत घरी बसलेल्या कर्जदारांपैकी किती जणांना तेव्हा याची खबर लागली असेल?

ताब्याचा दिवस मी कधी विसरत नाही. नायब तहसीलदार, दोन पोलीस शिपाई, एक महिला शिपाई, दोन पंच, बँकेचा अधिकृत अधिकारी, कुलूपवाला आणि व्हिडिओ काढणारा पोरगा. आत गेल्यावर घरातल्या वस्तूंची यादी होते, फोटो निघतात, पंचनाम्यावर सह्या होतात, बाहेर नवं कुलूप आणि लाखेचं सील. कुटुंब समोर असेल तर सामान नेऊ देतात. नसेल तर यादीप्रमाणे ते आतच राहतं आणि नेण्यासाठी नोटीस जाते. अंबरनाथ पूर्वेला एका ताईंनी त्या घाईत फ्रिज, गॅस, कपाट, मुलीची सायकल सगळं उतरवून घेतलं. माळ्यावरची प्लास्टिकची पिशवी राहिली. तीत कर्जाचा करार, हप्त्यांच्या पावत्या आणि विम्याची पॉलिसी होती. अधिकृत अधिकारी सज्जन होता, त्याने आठवड्याभरात ती पिशवी सही घेऊन परत दिली. सगळेच असे भेटत नाहीत. तेव्हापासून अशा वेळी कोणी सल्ला विचारला तर मी सांगतो, फ्रिजच्या आधी फाइल उचला. कर्जखात्याचा क्रमांक, मंजुरीपत्र आणि बँकेने पाठवलेलं प्रत्येक पाकीट. पुढची सगळी लढाई त्यांच्यावरच लढायची असते.

आता बदलापूरच्या कात्रपमधला किस्सा. मला वाटतं, या सगळ्या विषयाचं मर्म त्यात आहे.

आनंदनगर एमआयडीसीत मशीन चालवणारा एक माणूस माझ्याकडे आला. घर जाऊन जवळपास चार वर्षं झाली होती. तो भाड्याने राहत होता, नोकरी टिकवून होता, पोराला कॉलेजला जायला मोटरसायकल घ्यायची होती. शोरूमवाल्याने फाइल टाकली आणि पाच मिनिटांत नाकारली गेली. "काका, घर गेलं ना? मग अजून काय राहिलंय त्यांचं?" त्याच्या आवाजात राग नव्हता, नुसता थकवा होता. आम्ही त्याचा क्रेडिट रिपोर्ट काढला. आपल्याकडे चार कंपन्या या नोंदी ठेवतात: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क. प्रत्येकीने दरवर्षी एक पूर्ण रिपोर्ट फुकट द्यायचा, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. लोक मोबाइलवर फक्त आकडा बघतात, ३०० ते ९००मधला. आकडा बघून काही कळत नाही. आतली पानं वाचायची असतात.

आतल्या पानावर त्याचं गृहकर्ज होतं. थकीत रकमेच्या पुढे मोठा आकडा, बंद झाल्याची तारीख कोरी, आणि माहिती कळवल्याची शेवटची तारीख लिलावाच्या आधीच्या महिन्यातली. म्हणजे घर विकून पैसे आले ही गोष्ट बँकेने या कंपन्यांना कळवलीच नव्हती. कागदावर तो माणूस चार वर्षं रोज नव्याने थकबाकीदार होत होता.

हे कसं होतं ते बाहेरच्यांना कळणार नाही. वसुलीतली जी फाइल लिलावाला जाते ती शाखेतून उठून दुसऱ्या विभागात जाते. लिलावाचे पैसे येतात ते आधी एका वेगळ्या खात्यात. त्यातून जाहिरात, मूल्यांकन, सुरक्षारक्षक, वकील यांचा खर्च वळता होतो, मग व्याज, मग मुद्दल. शेवटची जमा-खर्चाची नोंद करून कर्जखातं शून्यावर आणायचं आणि ते क्रेडिट कंपन्यांना कळवायचं, हे काम शाखेचं की मुख्यालयाचं, यावर दोन टेबलांत पत्रव्यवहार चालतो. अधिकारी बदलतो, फाइल कपाटात जाते. कोणाचा वाईट हेतू नसतो. पण ज्याचं नाव त्या फाइलवर आहे त्याच्यासाठी विचारणारं आत कोणीच नसतं.

आम्ही बँकेला पत्र लिहिलं आणि चार गोष्टी मागितल्या. लिलावात किती रक्कम आली. तिच्यातून कोणता खर्च किती वजा झाला. कर्जखात्याचा पहिल्या दिवसापासूनचा उतारा. आणि आता देणं असेल तर किती, नसेल तर तसं पत्र. पोच घेतली, त्यावर शिक्का घेतला. उत्तर यायला वेळ लागला आणि आलं ते वाचून तो माणूस माझ्या ओट्यावर बसूनच राहिला. त्याचं देणं निघत नव्हतं. उलट लिलावाला दर बरा आला होता आणि सगळं वळतं करून सव्वा लाखाच्या वर रक्कम उरली होती. ती चार वर्षं बँकेच्या एका किरकोळ खात्यात पडून होती.

कायद्याच्या कलम १३(७)मध्ये स्वच्छ लिहिलं आहे की खर्च आणि येणं भागवून जे उरेल ते ज्याचं त्याला द्यायचं. बँकेने पत्र पाठवलंही होतं. कुठे? लिलावात विकलेल्या त्या फ्लॅटच्या पत्त्यावर! नव्या मालकाने, नावही न वाचता, ते परत पाठवलं होतं. म्हणून मी प्रत्येकाला विनवून सांगतो: घर सोडलंत की नवा पत्ता आणि मोबाइल नंबर लेखी बँकेला कळवा. लाज वाटते, राग असतो, त्या इमारतीत पुन्हा पाऊल ठेवू नये असं वाटतं. तरी कळवा. स्पीड पोस्टाने कळवा हवं तर.

पैसे मिळाले. नोंदही दुरुस्त झाली: थकीत शून्य, खातं बंद. मागच्या महिन्यांचे उशिराचे आकडे मात्र तसेच राहिले, कारण ते खरे होते. क्रेडिट कंपन्यांना माहिती निदान सात वर्षं जपून ठेवावी लागते. चुकीची नोंद बदलता येते, खरी नोंद फक्त जुनी होत जाते. हा फरक ज्याला कळला त्याला कोणी फसवू शकत नाही.

लिलावात नेहमीच इतका दर येत नाही. पहिल्या लिलावाला बोलीच आली नाही की राखीव किंमत उतरते, आणि अंबरनाथ-बदलापुरात नवे टॉवर उभे राहत असताना जुन्या, लिफ्ट नसलेल्या चौथ्या मजल्याला घेणारं गिऱ्हाईक पडेल भावच सांगतं. मग तूट राहते. तूट वसूल करायचा बँकेला हक्क आहे. पण २० लाखांखालच्या रकमेला कर्जवसुली न्यायाधिकरण नाही, दिवाणी दावा लावावा लागतो, आणि तीन-चार लाखांसाठी तो खटाटोप बँकेला नकोसा असतो. म्हणून ती गप्प राहते. कर्जदाराला वाटतं, सोडून दिलं. हिशेबाच्या वहीत ते कर्ज राइट ऑफ होतं, आणि राइट ऑफ म्हणजे माफी असा समज घेऊन माणूस पुढची वर्षं काढतो. रिपोर्टवर त्या रकान्यातली रक्कम तशीच उभी असते. ती दिसली की दुसरी बँक फाइल मिटते.

उल्हासनगर कॅम्प ४मधले एक शेठ अशा अवस्थेत आले होते. जीन्सचा कारखाना होता, वरच्या मजल्यावर घर. दोन्ही तारण, दोन्ही गेलं. ते आले तेव्हा हातात एक जाड फोल्डर होतं. नोटिसा तारखेप्रमाणे, लिलावाची जाहिरात कापून चिकटवलेली, बँकेशी झालेल्या प्रत्येक भेटीची टिपणं. मी थक्क झालो. ते म्हणाले, "आमच्या आजोबांनी शिकवलंय. सिंधमधून आले तेव्हा दुसरं होतं काय त्यांच्याजवळ?" कल्याणच्या लष्करी छावणीतल्या बराकींत आणलेल्या निर्वासितांसाठी ८ ऑगस्ट १९४९ला चक्रवर्ती राजगोपालाचारींनी ज्या शहराचा पाया घातला, तिथली मागची पिढी मागे राहिलेल्या घरांच्या दाव्याचे कागद ट्रंकेत जपत आली होती. नातवाला त्या सवयीचा उपयोग झाला.

शेठकडे बँकेकडून तडजोडीचा प्रस्ताव आला होता: तुटीची निम्मी रक्कम भरा, खातं संपवू. ते भरायला तयार होते, सहीच करायची बाकी होती. मी विचारलं, "शेठ, पुढे पुन्हा कर्ज लागणार आहे का?" लागणार होतंच, मशिनं घ्यायची होती. मग सांगितलं की निम्म्यावर मिटवलं तर नोंद 'सेटल्ड' अशी जाईल, पूर्ण भरलं तर 'क्लोज्ड'. कर्ज देणारा पहिल्या प्रकाराकडे असं बघतो की या माणसाने मागे कोणाला तरी पैसे कमी दिलेत. शिवाय रिझर्व्ह बँकेच्या ८ जून २०२३च्या परिपत्रकाप्रमाणे तडजोड करणाऱ्या कर्जदाराला तीच बँक निदान १२ महिने नवं कर्ज देऊ शकत नाही. शेठनी रात्रभर विचार केला. बायकोचे दागिने आणि मुंबईच्या मेहुण्याचे काही पैसे मिळून पूर्ण तूट भरली, पण दंडव्याजाचा भाग कमी करून घेतला आणि पत्रात एक ओळ आग्रहाने घालून घेतली: 'रक्कम मिळाल्यावर बँक सर्व क्रेडिट माहिती कंपन्यांना खातं पूर्ण फेडून बंद झाल्याचं कळवेल.' ही ओळ पैसे भरण्याआधी मिळवायची. भरल्यावर ती लिहून देण्याची घाई कोणाला नसते.

ज्याच्याकडे एवढी रक्कम उभी राहूच शकत नाही, त्याने तडजोड करावी. वर्षानुवर्षं राइट ऑफचा आकडा वाहण्यापेक्षा सेटल्ड बरं. हे माझं मत आहे, काही वकील मित्रांना ते पटत नाही.

बायकांचं नुकसान यात सर्वांत कमी बोललं जातं. कर्ज मोठं बसावं म्हणून, किंवा व्याजात थोडी सवलत मिळते म्हणून, घराच्या फायलीत बायकोचं नाव सहकर्जदार म्हणून घातलेलं असतं. सही कुठे केली हेही तिला आठवत नसतं. बेलवलीतल्या एका वहिनींनी शिलाईच्या मशिनसाठी गटकर्ज मागितलं. गटातल्या सगळ्यांना मिळालं, यांना नाही. सूक्ष्म कर्ज देणाऱ्या कंपन्याही आता रिपोर्ट पाहिल्याशिवाय पैसे देत नाहीत. गटापुढे त्यांना उत्तर देता येईना. नवऱ्याची नोंद दुरुस्त झाली म्हणजे तिची आपोआप होते असं नाही. तिचा रिपोर्ट वेगळा काढावा लागतो, तिच्या नावाने वेगळी तक्रार करावी लागते. जामीनदार झालेल्या मेहुण्याचं, भावाचंही तसंच.

दुरुस्तीनंतर चांगल्या नोंदी उभ्या करायच्या, आणि इथेही आमच्या भागात एक गफलत ठरलेली. शिरगावचा एक तरुण पतपेढीच्या कर्जाचे हप्ते तीन वर्षं एकही दिवस न चुकता भरत होता. सिबिल सुधारेल म्हणूनच त्याने ते घेतलं होतं. आकडा हलेना. पतपेढ्या सहकार कायद्याखाली येतात, त्यांची वसुलीही कलम १०१ने होते, आणि बहुतेकींची माहिती या कंपन्यांकडे जातच नाही. त्याचे सगळे कष्ट जिथे कोणी पाहत नाही अशा वहीत जमा होत होते. मला त्या पोराचं फार वाईट वाटलं. मग त्याने बँकेत मुदत ठेव ठेवून तिच्यावर क्रेडिट कार्ड घेतलं. अशा कार्डाला जुन्या नोंदीची अडचण सहसा येत नाही. महिन्याचं वीजबिल आणि किराणा तेवढा त्यावर, मर्यादेच्या तिसऱ्या हिश्शाच्या आत, आणि बिल आलं की पूर्ण भरायचं. पुढे बँकेतून लहानसं सोनेतारण घेऊन वेळेत सोडवलं. वर्षभरानंतर आकडा वर जायला लागला, हळूहळू, पण लागला.

याच लोकांना गाठणारे दुसरेही असतात. लोकलच्या डब्यात चिकटवलेलं असतं: 'सिबिल क्लीन, सात दिवसांत, पैसे नंतर.' पैसे आधीच घेतात. ओटीपी मागतात, रिपोर्ट उघडतात आणि खऱ्या-खोट्या सगळ्या नोंदींवर एकदम हरकत टाकतात. हरकत चालू असेपर्यंत नोंदीपुढे तसा शेरा दिसतो, तो दाखवून ते उरलेले पैसेही घेतात. बँकेने नोंद बरोबर असल्याचं कळवलं की सगळं पुन्हा जागेवर. एका रिक्षावाल्या दादाचे वीस हजार गेले, वर त्या एजंटने त्याच्या नावाने पाच ठिकाणी कर्जाचे अर्ज टाकून ठेवले होते. कर्जासाठी झालेली अशी प्रत्येक विचारणाही रिपोर्टवर उमटते.

जे काम ते विकतात त्याला खर्च शून्य आहे. चुकीच्या नोंदीवर क्रेडिट कंपनीच्या संकेतस्थळावर स्वतः हरकत घेता येते. कंपनी स्वतःहून काही बदलत नाही, ती बँकेला विचारते. बँकेला २१ दिवस, सगळं मिळून ३० दिवसांत निकाल लागला पाहिजे. नाही लागला तर पुढच्या प्रत्येक दिवसाचे १०० रुपये तक्रारदाराला देणं लागतं, हा नियम एप्रिल २०२४पासून लागू आहे. तरीही दाद नाही मिळाली तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन जाता येतं, वकील लागत नाही. क्रेडिट कंपन्या सप्टेंबर २०२२पासून त्याच्या कक्षेत आहेत. बेलवलीच्या वहिनींची तक्रार त्यांच्या बारावीतल्या मुलीने मोबाइलवरून केली होती. मी फक्त कागद कोणते जोडायचे ते सांगितलं.

शेवटी कर्ज देणाऱ्याच्या टेबलाच्या पलीकडची गोष्ट. जुनी जप्ती असलेली फाइल आली की क्रेडिट मॅनेजर काय बघतो? मी त्या खुर्च्यांच्या शेजारी बराच काळ बसलो आहे. आकडा तो बघतोच. पण त्याहून जास्त तो बघतो की माणूस ही गोष्ट लपवतोय की कागदासकट समोर ठेवतोय. रिपोर्टमध्ये दिसणारी गोष्ट अर्जात नसली तर विषय संपला. कारण खरं असेल, म्हणजे २०२०ला गेलेली नोकरी, आजारपण, बिल्डरने रखडवलेला ताबा, तर समजून घेणारे अधिकारी आहेत. मात्र मागची दोन-तीन वर्षं स्वच्छ लागतात. पदरचे पैसे जास्त घालावे लागतात.

अंबरनाथला शिवमंदिराच्या बाजूला भाड्याने राहणाऱ्या, गोदामात डिस्पॅचचं काम बघणाऱ्या एका गृहस्थांबरोबर मी अशा मुलाखतीला गेलो होतो. घर जाऊन बरीच वर्षं झाली होती. वांगणीला वन आरके घ्यायचा होता. ३० लाखांपर्यंतच्या कर्जात किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत देण्याची मुभा असते, यांना ७० टक्केच मिळणार होते आणि व्याजही पाऊण टक्का जास्त. त्यांनी लिलावाचा हिशेब, ना-देय पत्र, दुरुस्तीनंतरचा रिपोर्ट आणि भाडं वेळेवर दिल्याचे बँकेचे उतारे असं सगळं टेबलावर मांडलं. मॅनेजरबाईंनी अर्ध्या तासाने मान हलवली आणि हप्ता खात्यातून परस्पर कापण्याच्या मंजुरीचा फॉर्म पुढे सरकवला. तारखेच्या रकान्यात संगणकाने आपोआप पाच घातली होती.

गृहस्थांनी पेन खाली ठेवलं. "मॅडम, पगार सातला होतो. मागच्या घराच्या वेळी पण पाचच तारीख होती. पहिल्या वर्षी निम्मे हप्ते त्यानेच बाउन्स झाले, दंड चढत गेला. दहा करून द्या, मगच सही करतो."

मॅडमनी तारीख बदलून नवा कागद छापला, आणि मग गृहस्थांनी सही केली.